बटन बंद केले, म्हणजे वीज गेली काय?

पहाटे स्वयंपाकघरात पाऊल टाकताना आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी आपला हात आपसूक भिंतीवरील एका लहानशा बटनाकडे जातो. ‘टक्’ असा आवाज होतो आणि दिवा लागतो किंवा मालवतो. ज्या घरांत एकेकाळी तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसण्याचे व वात सारखी करण्याचे काम मुलांकडे असे, त्या घरांत आज ते काम एका बोटाचे झाले आहे. कलकत्त्यात १८९९ साली विजेचा पुरवठा सुरू झाला. बंगळूरच्या रस्त्यांवर १९०५ साली शिवसमुद्रमच्या धबधब्यापासून मिळणाऱ्या विजेचे दिवे लागले. पुढे २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लेइसांग या खेड्यात वीज पोहोचली, तेव्हा सरकारी यादीतील विद्युतीकरण व्हावयाचे शेवटचे गाव उजळले. सव्वाशे वर्षांच्या या प्रवासात वीज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, बटनामागे काय घडते याचा विचार करण्याचे कारणच आपणांस उरलेले नाही.

तेलाच्या दिव्याचा एक गुण होता. त्यावर फुंकर घातली की तो खरोखरच विझत असे. विजेचे तसे नाही. बटन बंद केल्यावर दिवा मालवलेला डोळ्यांना दिसतो. परंतु वीज तेथून गेली की नाही, हे मात्र दिसत नाही. पुष्कळदा ती बटनाच्या अलीकडे, एका बोटाच्या अंतरावर उभी असते. कधी ती बटनाच्या पलीकडे, दिव्याच्या होल्डरपर्यंतही पोहोचलेली असते. तर कधी उपकरण ‘बंद’ दिसत असतानाही ती मीटरवर आकडे चढवीत राहते. पहिल्या दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत आणि तिसरी खिशाशी. म्हणून प्रत्येक कुटुंबाने हा विषय एकदा नीट समजावून घेणे अगत्याचे आहे.

दोन तारा आणि एक फाटक

आपल्या घरात वीज येते ती दोन तारांनी. त्यांपैकी एकीला फेज म्हणतात. ही जिवंत तार होय. दुसरीला न्यूट्रल म्हणतात. ही तार रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेली असल्यामुळे तिच्यावर सामान्यतः दाब नसल्यासारखाच असतो. या दोन तारांमधील दाब २३० व्होल्ट असतो, आणि प्रवाहाची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांच्या गतीने उलटसुलट होत असते. जालंधरपासून तंजावरपर्यंत आणि भूजपासून दिब्रुगडपर्यंत सर्व भारतात घरगुती विजेचे प्रमाण हेच आहे. म्हणून इंदूरला घेतलेली इस्त्री बेळगावात बिनदिक्कत चालते.

वीज वाहावयाची, तर तिचा मार्ग अखंड असावा लागतो. फेजमधून निघून, उपकरणातून जाऊन, न्यूट्रलवाटे परत, असे हे वर्तुळ पुरे झाले तरच दिवा लागतो किंवा पंखा फिरतो. बटन म्हणजे या वाटेवरील फाटक होय. बटन चालू केले की आतील धातूचे दोन तुकडे एकमेकांस भिडतात आणि वाट जोडली जाते. बंद केले की त्यांच्यामध्ये काही मिलिमीटर हवा येते. हवेतून सहजासहजी वीज जात नाही. एवढाच काय तो आपल्या बटनाचा पराक्रम!

तो ‘टक्’ आवाज कशासाठी, असाही प्रश्न चौकस मुले विचारतात. धातूचे तुकडे एकमेकांपासून दूर होताना त्यांच्यामध्ये क्षणभर ठिणगी उडते. पंख्यासारखे मोटर असलेले उपकरण बंद करताना ती अधिक जोराची असते. ही ठिणगी रेंगाळली, तर धातू जळतो. म्हणून बटनाच्या आत एक स्प्रिंग बसवलेली असते. आपण बोट कितीही हळू दाबले, तरी स्प्रिंग त्या तुकड्यांना झटक्याने एकदम दूर करते किंवा जोडते. जे बटन चरचरते, मध्येच अडकते अथवा हाताला कोमट लागते, त्याची स्प्रिंग किंवा जोड सैल झाली आहे असे समजावे. अशा बटनाची डागडुजी करीत बसू नये. ते बदलून घ्यावे.

बोटाचा परिणाम वीजकेंद्रापर्यंत

घरातील एका बटनाने देशाच्या वीजव्यवस्थेत काय फरक पडणार, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर देशाने ५ एप्रिल २०२० च्या रात्री पाहिले. करोनाच्या साथीमुळे सारे घरी असताना, पंतप्रधानांच्या आवाहनावरून लोकांनी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे मालवून पणत्या लावल्या. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॅटने उतरेल असा अधिकाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली आणि लगेच पुन्हा चढली.

वीज ही धान्यासारखी कोठारात भरून ठेवण्याची वस्तू नव्हे. जेवढी वापरली जाते, बव्हंशी तेवढीच त्या क्षणी निर्माण करावी लागते. वापर एकाएकी घटला तर जनित्रे वेगाने धावू लागतात. एकाएकी वाढला तर ती मंदावतात आणि ५० आवर्तनांचा ताल बिघडतो. त्या रात्री हा ताल सांभाळण्याचा मोठा भार जलविद्युत केंद्रांनी उचलला. पाण्याचा ओघ काही मिनिटांत कमी-अधिक करता येतो. कोळशाच्या भट्टीला ते इतक्या त्वरेने साधत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर वाहिनीद्वारे दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी जोडले गेले. तेव्हापासून साऱ्या देशाची वीज एकाच तालावर चालते. आपण घरी बटन दाबतो, तेव्हा कोठेतरी दूर एखाद्या जनित्रावर तितकाच भार पडतो किंवा उतरतो.

वॅट आणि तास यांचा हिशेब

विजेचे देयक ज्या ‘युनिट’मध्ये येते, ते युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालण्यास लागणारी वीज. म्हणजे हिशेब अगदी सोपा आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला वापराच्या तासांनी गुणावे आणि हजाराने भागावे. हा गुणाकार एकदा करून पाहिला की, आपल्या मनातील कित्येक समजुती उलट्या ठरतात.

मिक्सरचेच उदाहरण घ्या. त्याच्या गर्जनेने सारे घर जागे होते. परंतु ५०० वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटे चालला, तर महिन्याला अडीच युनिटेच लागतात. छताचा पंखा मात्र निमूटपणे फिरत असतो. जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा पंखा रोज पंधरा तास चालला, तर महिन्याला जवळजवळ ३४ युनिटे खर्च होतात. नव्या प्रकारचा, बीएलडीसी मोटरचा सुमारे ३० वॅटचा पंखा तेवढेच तास चालवला तर साडेतेरा युनिटे पुरतात. घरात असे तीन पंखे असतील तर फरक महिना साठ युनिटांचा होतो. दर राज्याराज्यांत निराळे असतात. वापर वाढला की दरही चढतो, अशीच रचना बहुतेक ठिकाणी आहे. आपल्या राज्याचा दर घालून हा फरक रुपयांत मांडणे कोणाही वाचकास अवघड जाऊ नये.

पंख्याच्या रेग्युलेटरविषयीही एक गैरसमज आहे. पूर्वीच्या मोठ्या डबीसारख्या रेग्युलेटरमध्ये पंखा हळू केला की वाचलेल्या विजेचा बराच भाग त्या डबीतच उष्णता होऊन जात असे. म्हणून ती डबी हाताला गरम लागे. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ही नासाडी फारच थोडी होते. त्यामुळे पंखा हळू फिरवल्यास वीज खरोखर वाचते.

दिव्यांची गोष्टही तशीच. जुन्या ६० वॅटच्या बल्बमध्ये उजेड थोडा आणि उष्णताच फार निघत असे. जवळपास तेवढाच उजेड आज ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. रोज पाच तास धरल्यास बल्बला महिन्याला नऊ युनिटे लागत, एलईडीला दीड युनिटही लागत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेने हे दिवे स्वस्त करून घरोघर पोहोचवले.

खरी भूक असते ती उष्णता निर्माण करणाऱ्या उपकरणांची. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागतेच लागते. गीझर कोणत्याही कंपनीचा असला, तरी निसर्गाचा हा कर चुकत नाही. २००० वॅटच्या गीझरला त्यासाठी अठरा-वीस मिनिटे पुरतात. त्यानंतर पाणी तापले की गीझरमधील थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि पाणी निवू लागले की पुन्हा जोडतो. म्हणून गीझर सकाळभर चालू ठेवणे म्हणजे निवणारे पाणी पुनःपुन्हा तापवत बसणे होय. आंघोळीपूर्वी वीस मिनिटे तो लावावा आणि मग बंद करावा. वातानुकूलन यंत्राचेही असेच आहे. खोली जितकी थंड मागाल तितका त्याचा कॉम्प्रेसर अधिक वेळ राबतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमानुसार २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे मुळात २४ अंशांवर लावलेली येतात, ती याच कारणाने. त्याच ब्युरोच्या लेबलावरील तारे आणि वार्षिक युनिटांचा आकडा दुकानात वाचून मगच फ्रिज किंवा पंखा घ्यावा. उपकरणाची किंमत एकदाच द्यावी लागते, विजेची मात्र दरमहा.

आता ‘बंद’ असूनही वीज खाणाऱ्या उपकरणांकडे वळू. टीव्ही रिमोटने बंद केला, तरी रिमोटची पुढची आज्ञा ऐकण्यासाठी तो जागाच असतो. नवे टीव्ही या जागरणात फार थोडी वीज घेतात. पण त्याच्याजवळचा सेटटॉप बॉक्स पुष्कळदा चालू असतानाइतकीच घेत राहतो. १० वॅटचा असा बॉक्स चोवीस तास जोडलेला राहिला, तर महिन्याला ७.२ आणि वर्षाला सुमारे ८८ युनिटे होतात. पाहणारे कोणी नाही, तरी देयक मात्र येते. रिमोटचे बटन हे विजेचे फाटक नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे. फाटक भिंतीवर आहे.

बंद बटनामागील जिवंत तार

परंतु भिंतीवरील फाटकही योग्य वाटेवर आहे काय? या लेखातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

वर्तुळ कोठेही तोडले तरी दिवा मालवतो. बटन फेजवर असो वा न्यूट्रलवर असो, डोळ्यांना फरक दिसत नाही. सुरक्षिततेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बटन फेजवर असेल, तर ते बंद केल्यावर दिव्यापर्यंत दाब पोहोचत नाही. ते न्यूट्रलवर असेल, तर दिवा मालवलेला असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्टचा दाब तसाच उभा असतो. बिचारा माणूस ‘बटन बंद आहे’ या भरवशावर दिवा बदलण्यास हात घालतो आणि त्याच्या देहातूनच वर्तुळ पुरे होते. म्हणूनच दिव्याचे वा पंख्याचे एकेरी बटन नेहमी फेज तारेवरच असले पाहिजे, हा वायरिंगचा पहिला नियम आहे.

याची एक खूण एलईडी दिव्यांमुळे अलीकडे पुष्कळांच्या नजरेस येते. बटन बंद केल्यावरही दिवा काजव्यासारखा मंद तेवतो किंवा लुकलुकतो. बटनात लहान निऑन दिवा असेल, अथवा तारा लांबवर एकमेकींस चिकटून गेल्या असतील, तरी असे होते. त्यात विशेष धोका नाही. पण बटन न्यूट्रलवर बसवलेले असणे, हेही त्याचे एक कारण असते. असा दिवा दिसला तर मौज वाटून न घेता परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.

दिवा बदलताना किंवा पंखा पुसताना एक सवय सर्वांत चांगली. केवळ त्या दिव्याचे बटन नव्हे, तर घराचा मेन स्विच बंद करावा. तो दुहेरी असेल तर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी तोडतो. मग बटन कोठे बसवले आहे, हा प्रश्नच उरत नाही.

तिसरी तार

तीन पिनांच्या प्लगमधील मोठी पिन आपण सर्वांनी पाहिली आहे. ती जाड आहे आणि लांबही आहे. ही अर्थिंगची पिन होय. ती लांब ठेवलेली असते ती अशासाठी की, प्लग खोचताना तिची जोड सर्वांआधी व्हावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. रक्षकाने आधी यावे आणि नंतर जावे, असा हा संकेत आहे.

इस्त्री, गीझर, फ्रिज, कूलर यांची अंगे धातूची असतात. आतील फेज तारेचे आवरण झिजून ती त्या धातूला टेकली, तर संपूर्ण उपकरणच जिवंत तार बनते. अर्थिंग व्यवस्थित असेल तर वीज त्या तिसऱ्या तारेने जमिनीत धाव घेते. प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज वितळतो किंवा एमसीबी पडते. अर्थिंग नसेल तर काहीच घडत नाही. उपकरण नेहमीप्रमाणे चालत राहते, आणि कोणीतरी ओल्या हाताने त्याला स्पर्श करीपर्यंत वीज तेथे वाट पाहते. विदर्भापासून राजस्थानपर्यंत उन्हाळ्यात लोखंडी कूलरमुळे होणारे अपघात बहुधा याच प्रकारचे असतात. त्यांत पाणी, धातू आणि वीज ही तिन्ही एकत्र येतात.

‘फ्यूज आहे ना, मग भीती कसली?’ असे पुष्कळजण म्हणतात. येथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दिव्यांच्या जोडणीवरील फ्यूज साधारणतः ५ अँपिअरचा असतो. माणसाचे स्नायू आखडून हात तारेला चिकटून राहण्यास अवघा शंभरावा भाग अँपिअर, म्हणजे १० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह पुरतो. आणि ३० मिलिअँपिअरच्या वर गेल्यास हृदयाला धोका सुरू होतो. म्हणजे ज्या प्रवाहाने माणूस दगावतो, त्याची फ्यूजला दखलसुद्धा लागत नाही. फ्यूज आणि साधी एमसीबी ही तारांच्या रक्षणासाठी आहेत. माणसाच्या रक्षणासाठी आरसीसीबी नावाचे निराळे उपकरण असते. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने तितकीच परत आली का, हे ते सतत ताडून पाहते. त्यात ३० मिलिअँपिअरची तूट आढळली, म्हणजे वीज दुसऱ्याच वाटेने, कदाचित एखाद्याच्या देहातून, जमिनीत जात आहे असे समजून ते क्षणार्धात पुरवठा तोडते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने दगावलेल्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दहा हजारांच्या वर राहिली आहे. यांत शेतातील पंप आणि रस्त्यावरील तुटलेल्या तारा यांचेही बळी आहेत. पण घरात घडलेले आणि टाळता आले असते असे प्रसंगही आहेत.

घरच्या घरी तपासणी

एखादा रविवार या कामासाठी द्यावा. प्रत्येक तीन छिद्रांच्या सॉकेटमध्ये टेस्टर लावून पाहावा. मोठे छिद्र वर असताना समोरून पाहिल्यास उजव्या हाताचे छिद्र फेजचे असावयास हवे; टेस्टर तेथेच उजळला पाहिजे. डावीकडे किंवा वरच्या छिद्रात उजळल्यास वायरमनला बोलवावे. टेस्टर नीट चालतो की नाही, याची खातरी आधी एखाद्या चालू सॉकेटवर करून घ्यावी.

गीझर, इस्त्री, वातानुकूलन यंत्र यांच्यासाठी १६ अँपिअरचे मोठे सॉकेट असावे. २००० वॅटचा गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला तो पेलत नाही. इस्त्रीला दोन पिनांचा प्लग लावणे, प्लगऐवजी नुसत्या तारा काडीने खोचणे, वितळलेल्या फ्यूजच्या जागी हाताला लागेल ती जाड तार बसवणे या तीन सवयी घरातून कायमच्या हद्दपार कराव्यात. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढून ठेवावा. अर्थिंगची आणि आरसीसीबीची चौकशी वायरमनजवळ आवर्जून करावी. आरसीसीबी असेल तर तिच्यावरील चाचणीचे लहान बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ती तत्काळ पडली पाहिजे.

आणि दुर्दैवाने कोणी विजेला चिकटलेच, तर त्याला ओढण्यासाठी धाव घेऊ नये. माया आड येते, हे खरे. पण एकाऐवजी दोघे सापडतात. प्रथम मेन स्विच बंद करावा. तो दूर असेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर सारावी आणि मग ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवावी. मेन स्विच कोठे आहे आणि तो कसा बंद करावयाचा, हे घरातील आजीआजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी अग्नीला देव मानले, पण चुलीतला निखारा राखेखाली झाकल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. वीजही त्याच कुळातली आहे. तिला भिण्याचे कारण नाही आणि तिच्याबाबत गाफील राहणेही परवडणारे नाही. भिंतीवरील ‘टक्’ या आवाजामागे तीन तारा असतात. त्यांतील कोणती कशासाठी आहे, हे ज्या घरातील मुलांनाही सांगता येते, त्या घरात वीज चांगली चाकरी करते.